पेन्सिलीतला भोवत्या

बाई, उद्या रविवार. उद्या सकाळी तुमची वही घेऊन मी पर्वतीवर यावं अशी तिथल्या पोरांची इच्छा आहे, आणि मी गेल्या रविवारी मोठ्या तोऱ्यात ‘आणते की, त्यात काय!’ म्हणून बसले आहे. आत्ता शनिवारची दुपार आहे. लॅब दोनला बंद केली, घरी आले, चार घास वरण-भात खाल्ला आणि कपाटातून वही काढून टेबलावर ठेवली. उघडली मात्र नाही, नुसती बघत बसले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ‘मिटलेली वही वाचता येत असेल तर परीक्षेलाही तशीच बस.’ म्हणून आधी हे पत्र लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की, नववीत असताना तुम्ही मला ज्या वयाच्या आणि भयंकर म्हाताऱ्या वाटायचात, त्या वयाला मीच येऊन टेकले आहे. आणि मुळीच म्हातारी बितारी नाही, हेही कळलं.

आधी गेल्या रविवारचं सांगते, म्हणजे मी काय करून ठेवलंय ते तुमच्या ध्यानात येईल. हल्ली दसरा झाला की पर्वतीवर दर रविवारी सात-आठ जण जमतात. उत्तरेकडून थंडीसाठी खाली उतरणारे शिकारी पक्षी बघायचे, त्यांचे फोटो काढायचे आणि कोण कोणता हे ओळखायचं, एवढाच उद्योग. तुम्ही एकट्या उभ्या राहायचात त्याच कठड्याशी उभे असतात सगळे, फक्त आता कोणी हसत नाही. व्यायामाला आलेले आजोबासुद्धा थांबून ‘आज काय विशेष?’ म्हणून विचारतात. त्यांच्यात यवतमाळकडची एक मुलगी आहे. आयटीत नोकरी, बिबवेवाडीत माझ्याच गल्लीत आणखी दोघींबरोबर भाड्याने राहते. तोंडाची टकळी अखंड चालू, पण नजर पक्की. तिने त्याआधीच्या रविवारी एका भोवत्याचे चौदा फोटो काढले. भोवत्या म्हणजे कोण, हे तुम्हीच पहिल्यांदा सांगितलंत: माळावर खालून खालून हिंडणारा, घारीपेक्षा सडपातळ, पंख जरा वर उचलून तरंगणारा. आणि त्यातल्या दोन जातींनी तुमची झोप उडवली होती. नर वेगवेगळे ओळखू येतात, पण माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्लं म्हणजे जुळ्या बहिणी, अंगाने तपकिरी आणि शेपटीच्या मुळाशी पांढऱ्या. भरवशाचा फरक काय तो मानेशी. पांढुरक्या भोवत्याच्या गळ्याभोवती फिकट पट्टा असतो, दुसऱ्याच्या नसतो. मुलीच्या तेरा फोटोंत मान नीट दिसतच नाही. चौदाव्यात दिसते, आणि पट्टा इतका स्वच्छ की आंधळ्यालाही दिसेल, असं मी म्हणणार होते. जीभ चावली.

आठवडाभर तो फोटो जाणकारांकडे फिरून आला, आणि गेल्या रविवारी पोरगी पायऱ्या चढत असतानाच खालून ओरडत आली. ‘काकू! पांढुरकाच आहे! सगळे म्हणून राहिले, पर्वतीवरून कोणीच कधी नोंदवला नव्हता. फर्स्ट एव्हर!’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या तर आज सुखाने झोपले असते. पण ‘कोणीच कधी’ हे दोन शब्द ऐकले आणि माझं डोकं सटकलं. त्याच कठड्याशी तुम्ही किती दसरे आणि किती दिवाळ्या उभ्या राहिलात, आणि ही कालची पोरं म्हणतात कोणीच कधी! मी म्हटलं, ‘पहिली नाही हं. आमच्या बाईंच्या वहीत आहे. तू जन्मलीही नव्हतीस तेव्हाची.’ वाटलं, तिचा चेहरा पडेल. तर ती उलट आनंदाने उडीच मारायची बाकी राहिली. ‘काय सांगता काकू! मग तर आणखीच भारी. बाईंचं नाव आधी टाकू, माझं नंतर. तुम्ही वही आणा ना, त्या पानाचा फोटो माझ्या फोटोच्या बाजूला लावू.’ एवढं मोठं मन मला तिच्या वयात नव्हतं, आजही नाही.

आणि बाई, ती नोंद खोटी आहे. मी खोटी केली. उद्या गप्प बसले तर पर्वतीवरून पांढुरका भोवत्या पाहणारी पहिली म्हणून तुमचं नाव राहतं. बोलले तर तुमचं नाव जातं, आणि या पोरांपुढे मी कोण ते उघडं पडतं. आठवडाभर याच्यातच घोळतेय. परवा लॅबमध्ये नवीन मुलीवर उगाचच खेकसले, मग तिला चहा पाजला.

तुमचा पहिला ओरडा आठवतो. सदाशिव पेठेतली मुलींची शाळा, तुम्ही भूगोलाच्या बाई, आणि मी बिबवेवाडीहून सायकल हाणत येणारी. बोलणं, वेणी, डबा, सगळंच जरा वेशीबाहेरचं. मधल्या सुट्टीत मी आभाळाकडे बोट करून किंचाळले, ‘बाई, गरुड!’ तुम्ही वर पाहिलंत, मग माझ्याकडे. ‘हो का? पाठीवर विष्णू दिसतोय का बघ.’ अख्खं मैदान खिदळलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ‘नाव नंतर. आधी शेपूट सांग,’ तुम्ही म्हणालात. मी डोळे बारीक करून पाहिलं. ‘मधे खाच आहे, बाई.’ ‘मग ती घार. रोज डोक्यावरून जाते तिला ओळखत नाहीस आणि गरुडाच्या गप्पा मारतेस.’ शाळा सुटल्यावर सायकलींपाशी तुम्ही मला गाठलंत. तोच कोरडा आवाज. ‘खाच दिसली ना तुला? बाकीच्या नुसत्या हसल्या, वर कोणी बघितलं नाही. रविवारी सातला पर्वतीच्या पायथ्याशी ये. घरी विचारून.’ बस, एवढंच. तेवढ्यावर माझं उरलेलं आयुष्य गेलं म्हटलं तरी चालेल.

घरी बाबा म्हणाले, ‘घारी बघायला डोंगरावर कशापाई? माझ्याबरोबर यार्डात चल की.’ बाबा मार्केट यार्डात तोलणार होते, म्हणजे पोत्यांचं वजन करून आकडा सांगणारे, जन्म काट्यासमोर काढलेला. मी हे तुम्हाला हसत हसत सांगितलं, आणि पुढच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही खरोखरच बाबांच्या गाळ्यावर हजर! सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात दुर्बीण, हातात छत्री. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोती घेऊन धावणारे हमाल ‘ओ मावशी, बाजूला व्हा!’ म्हणून ओरडतायत आणि तुम्ही मान वर करून म्हणताय, ‘आपण या, मी सरकते.’ तासभर उभ्या होतात. शंभरेक घारी फिरत असतील, त्यातली एक तुम्ही मला दाखवलीत. जरा मोठी, गालाशी गडद, पंखाखाली पांढरं जास्त. ‘ही पुण्याची नाही. ही लांबून आलीये, हिवाळ्यापुरती. तुमच्या यार्डाची कीर्ती कुठवर गेलीये बघा,’ हे बाबांना. बाबा इतके खूश झाले! त्यांनी तुम्हाला गुळाचा खडा दिला आणि म्हणाले, ‘आमाला पक्ष्यातलं कळत न्हाई बाई. काटा थांबल्याबिगर आकडा बोलायचा न्हाई, एवढंच कळतं.’ तुम्ही हसला नाहीत. वही काढलीत आणि ते वाक्य बाबांच्याच शब्दांत पहिल्या पानावर लिहून घेतलंत. माझ्या बाबांचं बोलणं कोणी लिहून घेतलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

तुमची पद्धत मी आजवर दुसऱ्या कोणाची पाहिलेली नाही. पाहिलेला पक्षी त्या दिवशी पेन्सिलीने लिहायचा. आधी काय दिसलं ते: पंख, शेपूट, उडण्याची तऱ्हा, कुठून आला, कुठे गेला. नाव सगळ्यात शेवटी. मग आठ दिवस तो तसाच ठेवायचा. ‘मुरू दे. लोणचं घातल्या दिवशी वाढत नाहीत.’ आठ दिवसांनी ज्याने पाहिलं त्यालाच पुन्हा विचारायचं, अजून तसंच म्हणतोस का? हो म्हटलं, तर पाहणाऱ्याने स्वतःच्या हाताने शाईने गिरवायचं. डळमळला, तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला कारण लिहून सही. खोडरबर तुमच्या घरात नव्हताच. ‘चूक पुसली की ती पुन्हा करायला माणूस मोकळा होतो,’ म्हणायचात. तुमच्या निम्म्या वहीवर ‘ओळख पटली नाही’ असं ठसठशीत शाईत आहे. मी एकदा विचारलं होतं, एवढ्या न ओळखलेल्यांचं काय करायचं बाई? तुम्ही म्हणालात, ‘त्यांना काही फरक पडत नाही. ते पोचले असतील.’

फोटोचा मात्र तुमचा अनुभव फार थोर! भाच्याचा कॅमेरा आणून तुम्ही एक सबंध रोल संपवला होतात. छत्तीसपैकी पस्तीस फोटोंत आभाळ आलं. छत्तिसाव्यात एक काळा कण होता. तो तुम्ही वहीत चिकटवलात आणि खाली लिहिलंत, ‘या फोटोत खरुची हा छोटा ससाणा आहे. विश्वास बसत नसल्यास ठेवू नये.’ आज माझ्याकडेही बऱ्यापैकी कॅमेरा आहे. एका सेकंदात दहा फोटो निघतात, घरी येऊन ते मोठे करायचे, पिसं मोजायची. सोपं झालंय खरं, तरी त्या पोरांना मी तुमचंच सांगते, की फोटो पक्ष्याचा येतो, ओळख ज्याची त्याने करायची. ती यवतमाळची म्हणते, ‘काकू, तुम्ही लय स्ट्रिक्ट आहे.’ मी म्हणते, तुला माझ्या बाई माहीत नाहीत.

मग तुमचे डोळे जायला लागले. काचबिंदू. मी तोवर लॅबचा कोर्स करत होते आणि रोज संध्याकाळी तुमच्या दोन खोल्यांत चक्कर टाकायचे. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग मधलं धुरकट. तुम्ही कुरकुर केली नाहीत. दया दाखवायला आलेल्यांना तर असं बोलायचात की ते जिना चुकत चुकत उतरायचे. स्वयंपाकघर कानांवर चालवायचात. फोडणीतल्या मोहरीचं सोडाच, ते सगळ्यांनाच ऐकू येतं. तुम्हाला दूध वर येतानाचा आवाज कळायचा. माझ्याशी बोलता बोलता, पाठ तिकडे असताना, हात मागे करून गॅस बंद करायचात आणि दूध पातेल्याच्या काठाशी येऊन बसायचं. एक थेंब कधी सांडला नाही. मी म्हटलं, बाई, जादू आहे. ‘जादू कसली? तुम्ही लोक डोळे आहेत म्हणून कान वापरत नाही.’ जिन्यात पाऊल वाजलं की दार उघडायच्या आधीच सांगायचात, ‘आज दमलीयेस. सायकल पंक्चर झाली का?’ झालेली असायची.

तरी पर्वती सोडली नाहीत. माझ्या कोपराला धरून चढायचात, एकेक पायरी पायाने चाचपत. ‘आता डोळे तुझे, अक्कल माझी. बघू किती दिवस जमतं.’ आणि त्या वर्षांत तुम्हाला एकच ध्यास होता. कुठल्याशा सभेत एक मोठे जाणकार तुम्हाला सगळ्यांसमोर म्हणाले होते, की बाई, पांढुरका भोवत्या माळरानाचा पक्षी, तो एवढ्या शहरावरून कशाला जाईल? तुम्ही विचारलंत, ‘त्याला महापालिकेची हद्द कोणी दाखवली?’ लोक हसले, पण जाणकारांचंच खरं धरलं गेलं. तुमचं म्हणणं साधं होतं: हे पक्षी पुण्यावरून जातात, फक्त वर कोणी बघत नाही. दुसऱ्या जातीचा, बिनपट्ट्याचा भोवत्या तुम्ही पर्वतीवरून दोनदा पाहिला होता. हा मात्र सापडत नव्हता. नोव्हेंबर येत होते आणि जात होते, आणि प्रत्येक नोव्हेंबरात तुम्हाला आधीपेक्षा कमी दिसत होतं. तुम्ही बोलला नाहीत, पण मला कळत होतं, वेळ थोडा उरलाय.

तो दिवस. स्वेटर लागेल अशी पहिली सकाळ, ऊन नुकतं चढतंय. तुम्ही कठड्याला टेकून उभ्या आहात, मी शेजारी, दुर्बीण माझ्या हातात. शहराच्या बाजूने झाडांच्या शेंड्यांवरून एक पक्षी येतो. पंख वर उचललेले, सावकाश, कोणाला काही विचारायचं नसल्यासारखा. मी दुर्बीण डोळ्यांना लावते. ‘बाई, भोवत्या.’ तुमची बोटं माझ्या कोपरावर आवळतात. ‘सांग.’ ‘तपकिरी आहे. शेपटीच्या मुळाशी पांढरं.’ ‘मान?’ तो बरोबर उन्हाच्या तोंडावर आहे, मान नुसती काळी दिसतेय. ‘मान सांग ना. पट्टा आहे?’ मी दुर्बीण घट्ट धरते, तो वळत नाही, देवळाच्या मागे निघून जातो. मी वळून तुमच्याकडे बघते. तुम्ही चेहरा वर करून, तोंड किंचित उघडं ठेवून, भलतीकडेच बघताय, सिंहगडाच्या दिशेला. तिथे काही नाही. बाई, ते मला सहन झालं नाही. मी म्हटलं, ‘आहे, बाई.’ ‘नक्की?’ ‘नक्की. फिकट पट्टा. सबंध गळाभर.’ सबंध गळाभर कोणी विचारलं होतं का? लबाडीला नेहमी एक शब्द जास्त लागतो.

तुम्ही पायरीवर बसलात. चष्मा काढून पदराने पुसलात, त्याचा उपयोग नव्हता तरी. ‘म्हटलं नव्हतं मी?’ एवढंच पुटपुटलात. मी पेन्सिलीने नोंद लिहिली, नावासकट. उतरताना, बाहेरचं काही तोंडात न घालणाऱ्या तुम्ही, पायथ्याशी मला उसाचा रस पाजलात आणि स्वतःही प्यायलात. मिशा आल्या होत्या तुम्हाला रसाच्या. इतकं सुंदर हसताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. मी मनात म्हणाले, काय बिघडलं? एका पक्ष्याच्या गळ्यात एक पट्टा, कोणाचं काय गेलं?

आठ दिवसांनी संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात मी टेबलापाशी बसलेय आणि तुम्ही गॅसपाशी, पाठ माझ्याकडे. दूध तापतंय. ‘आठ दिवस झाले. अजून तसंच म्हणतेस?’ ‘हो, बाई.’ ‘मग शाई कर.’ मी तुमच्या शाईच्या पेनाचं टोपण काढलं. टक्कन वाजलं ते. निब ओळीवर धरली आणि हात पुढे जाईना. पहिल्या पानावर बाबांचं वाक्य होतं ना! काटा थांबलाच नव्हता आणि मी आकडा बोलून बसले होते. तोंडाने खोटं बोलता आलं मला, पण तुमच्या शाईने लिहवेना. आणि खरं सांगायलाही जीभ उचलेना. मग मी काय केलं, तर पेन हळूच खाली ठेवलं आणि पेन्सिलीनेच तीच अक्षरं पुन्हा गिरवली. तुम्ही काही बघणार नव्हतात. खर्र खर्र, एकेक अक्षर. तुमचा हात गॅसकडे गेला, दूध काठाशी येऊन थांबलं. ‘झालं?’ ‘झालं, बाई.’ तुम्ही पातेल्यावर झाकण ठेवलंत. मग म्हणालात, ‘बरं. जाताना पेन्सिलीला टोक करून ठेव. बोथट झालीये.’

मी टोक केलं. तुम्ही भिंतीला हात लावत दारामागे गेलात, खिळ्यावरची दुर्बीण काढलीत आणि माझ्या गळ्यात घातलीत. ‘घेऊन जा. माझ्या गळ्यात आता नुसतं वजन.’ मी नको नको केलं, जेवढं रीतीला लागतं तेवढं. मग घेतली.

त्यानंतर मी वाट बघत राहिले. तुम्ही त्या जाणकारांना पत्र पाठवाल, सभेत सांगाल, निदान शेजारच्या काकूंना तरी. एरवी साध्या शिक्रा पक्ष्याबद्दल चार पोस्टकार्डं टाकणाऱ्या तुम्ही! अवाक्षर काढलं नाहीत. मी स्वतःला सांगितलं, प्रकृती बरी नाही त्यांची, राहून गेलं असेल. दीड वर्षाने तुम्ही गेलात. भाच्याने वह्यांचं गाठोडं आणून दिलं, म्हणाला, मावशी सांगून गेली, त्या मुलीला दे. ती एवढी एक वही मी कपाटात सगळ्यात खाली ठेवली. तुमची इमारत केव्हाच पडली, तिथे आता क्लास आहे. जिन्यात कोणाचं पाऊल वाजलं तर ते ओळखणारं कोणी नाही. बाबाही गेले. आणि मी लॅबमध्ये स्लाइड स्वतः पाहिल्याशिवाय एका रिपोर्टवर सही करत नाही. सगळे मला खडूस म्हणतात. डॉक्टरांचा फोन आला, घाई आहे म्हणाले, तरी नाही. हा शिस्तीचा बडेजाव कुठून आलाय हे फक्त मला ठाऊक आहे.

आत्ता वही उघडली, बाई. चार वाजलेत. सापडली ओळ. आजूबाजूला तुमची निळी शाई फिकी होत चाललीये आणि माझी दोनदा गिरवलेली पेन्सिल मात्र मस्त चकाकतेय. मी तिच्यावर एक आडवी रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल अशी. बाजूला बॉलपेनने लिहिलं: ‘भोवत्या, तपकिरी. मान पाहिली नाही. पाहिली असं बाईंना सांगितलं. ओळख पटली नाही.’ आणि सही. उद्या हे पान त्या पोरीसमोर उघडणार आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगणार, की पहिली नोंद तुझीच. ती गळ्यात पडेल, नाहीतर तोंड फिरवेल, काय करायचं ते करो. पण दुसरंही सांगणार. तिचा तो चौदावा फोटो बघून गेला आठवडाभर मला एकच वाटत होतं: तुमचं बरोबर होतं. ते पुण्यावरूनच जातात. त्या जाणकारांपुढे तुम्ही एकट्या उभं राहून म्हणालात ते अक्षरशः खरं होतं, आणि त्याला माझ्या पट्ट्याची काही गरज नव्हती. थोडी वाट बघायची होती, एवढंच. ते तुम्हाला येत होतं, मला नाही.

हे पत्र वहीत ठेवणार नाही. वहीत पाहिलेलंच ठेवायचं, हा तुमचा नियम. टपालात टाकायला पत्ता नाही. राहील माझ्या लॅबच्या कोटाच्या खिशात, धुवायला टाकेपर्यंत.

एक मात्र त्या पोरांना सांगणार नाही, तुम्हालाच सांगते. इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आले की पेन्सिलीचं तुम्ही सहज बोललात. सहज नव्हतं ते. दुधाचा आवाज ओळखणाऱ्या बाईला पेन आणि पेन्सिलीतला फरक कळणार नाही होय? तुम्हाला कळलं, हे मला तेव्हाच कळलं होतं, टोक करता करता. तुम्ही दारामागून दुर्बीण काढून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिलात तेव्हा मला खरं बोलायला भरपूर वेळ होता. पण बोलले असते तर कदाचित दुर्बीण मिळाली नसती, आणि बाई, मला ती फार हवी होती.